सात नंबर टेबलावरच्या छत्र्या

हत्यारांची गुंडाळी टेबलावर उलगडून मी तिसऱ्यांदा मोजलं. दहा नग. असायला हवे होते अकरा.

"काय राहिलं?" शेजारच्या टेबलावरून देवरेनं विचारलं.

"पितळी हूक."

देवरेच्या हातातली कात्री जागच्या जागी थांबली. धुळ्याकडचा हा लान्सनाईक एकदा बोलायला लागला की आवरायचा नाही, पण आता तो वाकून माझ्या टेबलाखाली बघायला लागला. आमच्या कामात हत्यार हरवणं म्हणजे काय, हे त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. तुम्हाला मात्र सांगायला हवं.

आम्ही पॅराशूट बांधणारे. उत्तरेतल्या एका छावणीत, धावपट्टीला लागून आमची लांबलचक पॅकिंग शेड होती. जवान विमानातून उडी मारतो, त्याची छत्री उघडते, खाली लोक टाळ्या वाजवतात. ती छत्री आदल्या दिवशी कुणीतरी टेबलावर पसरून, दोऱ्या विंचरून, घडीवर घडी घालून पिशवीत भरलेली असते, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. ते कुणीतरी म्हणजे आम्ही. प्रत्येक छत्रीच्या कप्प्यात एक कार्ड असतं आणि त्यावर बांधणाऱ्याची सही लागते. माझं टेबल सात नंबरचं. त्या दिवशी पहाटेपासून मी आठ छत्र्या बांधल्या होत्या आणि आठही कार्डांवर सही ठोकली होती: हवालदार सर्जेराव कोकितकर.

हूक बोटभर लांबीचा. एखादी दोरी फाशातून हातानं येईना तर ओढून घ्यायला लागतो. तो चुकून घडीत राहिला तर छत्री उघडताना कापड टरकतं, नाहीतर दोऱ्या त्यात अडकून बसतात, आणि खाली येणाऱ्या माणसापाशी गुंता सोडवायला वेळ नसतो. म्हणून आमचा नियम पोराबाळांनाही कळेल इतका साधा होता. एक छत्री झाली की हत्यारं मोजायची, आणि मगच सही. त्या दिवशी मी आठ छत्र्यांना मिळून मोजलं एकदाच, जेवणाच्या सुट्टीला. सतरा वर्षांत असं कधी केलं नव्हतं. पण त्या दिवशी मन थाऱ्यावर नव्हतं, आणि त्याचं कारण घडी करून माझ्या पँटच्या खिशात ठेवलेलं होतं.

फौजेत मुदत संपत आली की माणसाला विचारतात, पुढं राहायचंय की जायचंय? राहणारा 'विलिंग' लिहून देतो, जाणारा 'अनविलिंग'. माझा कागद अनविलिंगचा. दुपारी चार वाजता सीओ साहेबांपुढं, म्हणजे पलटणीच्या मुख्य अधिकाऱ्यापुढं, उभं राहून तो द्यायचा होता. त्या दीड वर्षात आमच्या नोटीसबोर्डावर जो जो कागद लागला तो काहीतरी घेऊनच गेला. आधी शेडचा खास भत्ता गेला. मग पोरांची शाळेची बस गेली. कॅन्टीनचा कोटा आटला. बोर्डाकडून येणाऱ्याला आम्ही विचारायचो, "आज काय गेलं?" आणि हसायचो. आमचे सुभेदार ढोणे साहेब म्हणायचे, रोज मरे त्याला कोण रडे. पण शेवटी क्वार्टरचा कागद आला आणि हसू थांबलं. कुटुंब जवळ ठेवायची मुदत निम्म्यावर आणली होती. ज्यांची भरली त्यांनी महिनाअखेर जागा खाली करायची होती.

माझी भरली होती. म्हणजे राहायचं झालं तर बायकोला आणि तेजूला, माझ्या मुलीला, गावी धाडून मी बराकीतल्या लोखंडी खाटेवर. जायचं झालं तर सगळे मिळून घरी. तिकडं कोल्हापूरच्या एमआयडीसीत माझ्या मेहुण्याचा, संपतचा, ताडपत्र्या शिवायचा कारखाना होता. "दाजी, सुपरवायझरची जागा तुमच्यासाठी ठेवलीया, एक तारखेपर्यंत थांबतो," असा त्याचा फोन आला होता. शालन, माझी बायको, बरं-वाईट काहीच बोलली नव्हती, पण दुसऱ्या दिवशी तिनं ट्रंका खाली काढल्या. मी काय समजायचं ते समजलो आणि कागद भरला.

देवरे नऊ नंबरच्या टेबलापाशी जाऊन आला. तिथला पॅकर सुट्टीवर होता. देवरेनं इकडंतिकडं बघत मूठ माझ्यापुढं उघडली. मुठीत हूक होता, हुबेहूब माझ्या हुकासारखा.

"घाला गुंडाळीत," तो हळू आवाजात म्हणाला. "तुमचा कुठंतरी खाली पडला असेल, झाडताना सापडेल. आता बोललात तर चौकशी लागेल आणि कागद अडकेल. दोन-तीन महिने तुमची सुटका नाही. तुमचा मेहुणा तोवर थांबणार आहे का?"

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. देवरे काही वाईट माणूस नव्हे, माझं भलंच बघत होता. मला इथं एक गोष्ट कबूल करायची आहे, कारण पुढं लोकांनी माझं जे कौतुक केलं त्यात ती कधी आली नाही. मी तो हूक घेतला. गुंडाळीत घातला. वरून नाडीही बांधली.

मग टिफिनचा डबा उघडला. समोर रॅकवर माझ्या आठ छत्र्या ओळीनं मांडलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उडी होती. रॅकवर चाळीसेक छत्र्या असत आणि जवान येऊन हाताला लागेल ती उचलत. माझी कुणाच्या पाठीवर जाणार, हे मला माहीत नव्हतं, आणि तेच मला डाचायला लागलं. ओळखीचा कुणी असता तर त्याला बाजूला घेऊन सांगितलं असतं, बाबा, ही सोडून दुसरी घे. पण ज्याचं तोंड माहीत नाही त्याला काय सांगायचं? दहा मिनिटं मी तसाच भाकरीचा तुकडा हातात धरून बसलो होतो. मग उठलो, नाडी सोडली, हूक देवरेच्या टेबलावर ठेवला आणि सुभेदार साहेबांकडे गेलो.

ढोणे साहेब माणदेशातले. आवाज असा की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडत. मला वाटलं, आज माझी धडगत नाही. पण ते ओरडले नाहीत. माझं सगळं ऐकून घेतलं, खुर्चीवरून उठले आणि भिंतीवरची घंटा दिली. घंटा झाली की शेडमधलं सगळं काम थांबतं.

"सात नंबरच्या आठही उघडा," एवढंच ते म्हणाले.

मी घातलेल्या घड्या दुसऱ्यांनी सोडायच्या, असा नियम. मी भिंतीशी सावधान उभा. पहिली उघडली, काही नाही. दुसरी, काही नाही. पाचवी झाली तेव्हा माझ्या कानशिलावरून घाम वाहत होता. आठवी उघडून टेबलभर पसरली, माणसांनी दोन्ही बाजूंनी कापडावरून तळवे फिरवले. हूक नव्हताच. आता बाकीच्या टेबलांवरच्या छत्र्याही उघडाव्या लागणार, उद्याची उडी रद्द होणार, आणि तीही एका माणसाच्या विसरण्यापायी. शेडमध्ये कुणी माझ्याकडे बघेना.

"खिसे रिकामे कर," साहेब म्हणाले.

शर्टाचे केले. पँटच्या उजव्या खिशातून रुमाल आणि किल्ली निघाली. डाव्यातून तो घडीचा कागद काढून टेबलावर टाकला, आणि घडीतून खण्णकन हूक बाहेर पडला. सकाळी चहाच्या सुट्टीत मी कागद पुन्हा वाचायला काढला होता. उडू नये म्हणून त्यावर हूक ठेवला असणार, आणि त्याच्यासकट घडी घालून खिशात सारला असणार. शहाण्या माणसानं आयुष्यात एकदा तरी असं गाढवपण करावं, म्हणजे शहाणपणाचा गर्व राहत नाही.

कागद टेबलावर उलगडून पडला होता. वर माझं नाव, खाली अनविलिंग, त्याखाली सही. जे मी चार दिवस देवरेखेरीज सगळ्यांपासून लपवून ठेवलं होतं ते आता सगळी शेड वाचत होती. साहेबांनी तो उचलला आणि सावकाश वाचला.

"आजच द्यायचा हुता?"

"होय साहेब. चारला."

"चार वाजून गेलं." त्यांनी चष्मा काढला. "म्हंजी तू जाणारा मानूस. आज कागद दिला आसतास, म्हैन्याभरात गावी पोचला आसतास. गप बसायचं सोडून बोललास कशाला?"

"गप बसलोच होतो साहेब," मी म्हणालो. "दहा मिनिटं."

देवरेनं मान खाली घातली. ढोणे साहेबांनी कागदाची घडी घालून तो माझ्याच खिशात खुपसला.

आमच्या शेडचा एक जुना रिवाज होता. ज्याच्या छत्र्या उघडाव्या लागल्या, त्यानं त्या पुन्हा बांधायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्यातलीच एक पाठीवर घेऊन सगळ्यांच्या आधी उडी मारायची. हा रिवाज कुठल्या कागदावर लिहिलेला नव्हता. साहेब म्हणाले, "तू चाललायस, तुला सक्ती न्हाई." भत्ता गेला तेव्हापासून पॅकरांची नेहमीची उडीही बंद झाली होती, मला विमानात चढून चौदा महिने झाले होते. पण आठ छत्र्या समोर मोकळ्या पडलेल्या असताना नाही म्हणायला जीभ वळेना. "शेडमध्ये आहे तोवर शेडचाच की साहेब," मी म्हणालो.

पाच वाजता पाळी सुटली, पण कुणी गेलं नाही. पूर्वी जादा कामाला चहा आणि पुऱ्या मिळायच्या. त्याही एका कागदानं नेल्या होत्या. देवरेनं आपल्या पदरचा चहा मागवला. आठ टेबलांवर आठ छत्र्या पसरून माणसं दोऱ्या धरून उभी राहिली आणि मी एकेका टेबलावर जाऊन घड्या घातल्या. प्रत्येक छत्रीमागं हत्यारं मोजली, मोठ्यानं मोजली. दिवेलागणीला काम संपलं.

घरी आल्यावर शालनला सांगितलं की कागद द्यायचा राहिला, आणि का राहिला तेही. तिनं फक्त विचारलं, "कुणाला काय झालं न्हाई न्हवं?" मी नाही म्हटलं. उद्या मी उडी मारणार म्हटल्यावर तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "पोट सुटलंय तुमचं. पट्टं बसतील काय?"

सकाळी पट्टे बसले, पण श्वास रोखून धरावा लागला. रिवाजाप्रमाणे माझी छत्री मी निवडायची नव्हती. उडी मारणाऱ्यांपैकी कुणीतरी ती निवडून द्यायची. नायक बलबीर नावाचा हिमाचलचा एक जवान पुढं झाला. आठ छत्र्यांवरून हात फिरवून त्यानं चौथी उचलली आणि माझ्या पाठीवर चढवली. मग त्यानं पाचवी उचलली आणि स्वतःच्या पाठीवर घेतली.

मला वाटलं, चुकून घेतली. रॅकवर आणखी बत्तीस छत्र्या होत्या, आणि कालचा गोंधळ सगळ्या छावणीला माहीत झाला होता. माझ्या छत्रीला आज कुणी बोट लावणार नाही, हे मी मनाशी धरूनच आलो होतो. पण बलबीरच्या मागचा आला, त्यानं सहावी घेतली. त्याच्या मागच्यानं सातवी. पुढच्यानं कप्प्यातून कार्ड काढून सही वाचली, मान डोलावली आणि पट्टे आवळायला लागला. मागच्या दोघांत तर शेवटच्या एकीवरून जरा ओढाताण झाली. बघता बघता सात नंबरची जागा रिकामी झाली.

"अरे, कल इन्हीं को खोला था," मी बलबीरला म्हणालो. "पता है ना?"

"पता है, उस्ताद." तो हसला. "जो बोल देता है, उसका बाँधा हुआ खुलता है."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हेल्मेटचा पट्टा बांधायचं निमित्त करून मी तोंड फिरवलं. सतरा वर्षांत शाबासक्या मिळाल्या होत्या, एकदा भिंतीवरचं घड्याळही मिळालं होतं. पण सात माणसांनी सात जीव आणून असे माझ्या हातावर कधी ठेवले नव्हते. निदान मला दिसेल असे तरी नव्हते. खरं म्हणजे रोज ठेवत होते. माझं लक्ष बोर्डावरच्या कागदांकडे होतं.

उडीबद्दल फुशारकी मारण्यासारखं काही नाही. दारात उभा राहिलो तेव्हा दोन्ही हातांनी चौकट घट्ट धरली होती. बाहेर पडलो, मग खांद्यांना जोराचा हिसका बसला आणि एकदम सगळं शांत झालं. मी मान वर केली. माझी उघडली होती. तिच्यामागं आणखी एक उघडली, मग तिसरी, चौथी. आठवी उघडेपर्यंत मी खाली जमिनीकडे बघितलंच नाही, आणि त्यामुळं उतरलो तो पोत्यासारखा आपटलो. घोटा मुरगळला. बलबीरनं हात देऊन उठवलं.

सीओ साहेबांपुढं मी लंगडत गेलो. आधी नियम मोडल्याबद्दल ताकीद मिळाली, ती माझ्या कागदपत्रांत लाल शाईनं कायमची बसली. ती योग्यच होती. मग त्यांनी कागद मागितला. मी म्हणालो, "साहेब, नवीन फॉर्म मिळाला तर बरं होईल." त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं.

"भत्ता परत येणार नाही," ते हिंदीत म्हणाले. "क्वार्टरही मिळणार नाही. माझ्याकडून खोटी आशा ठेवू नकोस."

"ठाऊक आहे साहेब."

"मग का थांबतोस?"

मी फॉर्मसाठी हात पुढं केला. आता निवृत्त होऊनही दहा वर्षं झाली, पण याचं उत्तर अजून नीट देता येत नाही. एवढंच सांगता येईल की बोर्डावरच्या कागदांनी जे जे नेलं ते कधीतरी कागदानंच दिलेलं होतं. बलबीरनं सकाळी जे दिलं ते कुठल्या कागदावर नव्हतं, म्हणून ते कुठल्या कागदाला नेताही येणार नव्हतं. आणि ते सोडून जायला माझं मन तयार होईना. मी दोन वर्षांसाठी 'विलिंग' लिहिलं आणि सही केली.

विमानाच्या दारात वाटली नव्हती एवढी भीती मला घराच्या दारात वाटली. दोन वर्षं म्हणजे शालनला एकटीनं सगळं ओढायचं. माझी म्हातारी आई, तेजूची नवी शाळा, सगळं तिच्या अंगावर. ती मोठ्या ट्रंकेत भांडी भरत बसली होती. मी बूट काढले, पाणी प्यालो, हवेबद्दल बोललो, घोट्याबद्दल बोललो.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतासा?" ती मान वर न करता म्हणाली. "बलबीरची बायकू सकाळीच सांगून गेली. समद्यांनी तुमच्याच छत्र्या घेतल्या म्हनं. तवाच म्या वळिकलं. किती वर्सं लिवून दिलासा?"

"दोन."

तिनं एक पातेलं दुसऱ्यात बसवलं. मी म्हणालो की संपतला फोन करून सांगतो, जागा दुसऱ्या कुणाला दे म्हणून. त्याला वाईट वाटेल, पण इलाज नाही.

"फोन म्या केलाय," शालन म्हणाली. "माणूस येतंय म्हटलं, जागा देऊ नगं कुणाला."

"अगं, पण मी कुठं येतोय?"

"तुमचं कोन बोलतंय? मी जाणार हाय."

तिनं ओढणीची चुंबळ करून काचेची बरणी त्यात बसवली.

"तुला ताडपत्रीतलं काय कळतं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"पंध्रा वर्सं तुमच्यासंगं जेवतीया. टीप कशी घालायची, कापड कुटं फाटतंय, घडी कशी बसती, हेच्याबिगर तुम्ही ताटावर दुसरं कायतरी बोललासा काय?" आता तिनं मान वर केली. डोळे ओले होते, पण आवाज खणखणीत होता. "तुम्ही र्‍हावा की जावा, म्या ठरवलंच हुतं. तुम्हीच इचारलं न्हाईसा. हितं माझी वळख काय? तुमच्या कार्डावरचा फोटू. कॅन्टीनला जावा, दवाखान्यात जावा, ह्यांची बायकू. आता एकदा माझ्या नावाचं कार्ड गळ्यात घालून बघू दे मला. दोन वर्सं निघतील. न्हाई निघाली तर सांगीन, म्या काय गप बसणारी न्हवं."

लाज वाटली, हसूही आलं, आणि सगळ्यात जास्त वाटला तो तिचा अभिमान. चार दिवस मी खिशात कागद घेऊन एकटाच फिरलो होतो आणि घरातल्या माणसाला साधं विचारलं नव्हतं.

शालननं ट्रंकेचं झाकण खाली ओढलं. ते बोटभर वरच राहिलं. तिनं दोन्ही हातांनी दाबून बघितलं, कडी काही बसेना.

"बसा ह्याच्यावर," ती म्हणाली. "तेवडं तरी वजन कामी येऊ दे."

मी मुरगळलेला पाय सावरत ट्रंकेवर बसलो, आणि तिनं कडी घालून कुलूप लावलं.